एसपी की मॅथ्स? आधी प्रिलिमचे दोन आकडे बघा

पत्र :

ताई, नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावी झाली, स्टेट बोर्डातून. एकूण ८२ टक्के आहेत पण मॅथ्सला १०० पैकी ६४च मिळाले. प्रिलिमला पण तसंच होतं, भाग एकला ४० पैकी ३१ आणि भाग दोनला १७. आम्ही भांडुपला राहतो, मुलुंडला कॉमर्सला ॲडमिशन झालीये. आता कॉलेज म्हणतं मॅथ्स किंवा एसपी म्हणजे सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस, यातलं एक घ्या, फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचाय. मिस्टर सरकारी ऑफिसात आहेत, ते म्हणतात एसपी स्कोअरिंग आहे, टक्के वाढतील, उगाच मॅथ्सच्या मागे लागून पोरगी खचेल. मुलीला इकॉनॉमिक्स आवडेल असं वाटतंय, मधेच म्हणते डेटाचं काहीतरी करेन, मधेच मॅथ्सच्या नावाने रडते. माझ्या बहिणीची मुलगी मॅथ्स नको म्हणून आर्ट्सला गेली, सायकॉलॉजी घेतलं, आता तिसऱ्या वर्षाला स्टॅटिस्टिक्सने हैराण झालीये. कुठल्या डिग्रीला मॅथ्स लागतं आणि कुठल्या नाही हे आम्हाला कोणी धड सांगत नाही. काय करू?
– एक आई, भांडुप

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहून गेलात, ते प्रिलिमचे दोन आकडे. भाग एक म्हणजे बीजगणित, त्यात ३१. भाग दोन म्हणजे भूमिती, त्यात १७. म्हणजे तुमच्या लेकीला मॅथ्स येत नाही असं नाहीये, तिला भूमिती येत नाही, प्रमेय आणि सिद्धता आणि ते वर्तुळाचे गुणधर्म, आणि नववी-दहावीच्या दोन वर्षांत या दोन्हीचा मिळून एकच शिक्का बसला की "मॅथ्स कच्चं आहे". मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजला कॉमर्सचं मॅथ्स शिकवलं आणि अकरावीच्या पहिल्या आठवड्यात रडवेल्या तोंडाने येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांची तरी गोष्ट हीच असायची.

आता कॉमर्सच्या मॅथ्समध्ये काय असतं ते बघा, कारण घरातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सायन्सचं मॅथ्स असतं. आपल्या बोर्डात हे दोन वेगळे विषय आहेत, सायन्स-आर्ट्सचा कोड ४० आणि कॉमर्सचा ८८, पुस्तकं पण वेगळी. कॉमर्सच्या मॅथ्सला त्रिकोणमिती नाही. प्रमेयं सिद्ध करा हा प्रकार नाही. अकरावीला भूमितीच्या जवळ जाणारा एक धडा आहे, बिंदुपथ आणि सरळ रेषेचा, तोही समीकरणांनी सोडवायचा म्हणजे परत बीजगणितच. बाकी संच, फंक्शन, श्रेढी, डिटरमिनंट, लिमिट, डेरिव्हेटिव्हची सुरुवात, आणि भाग दोनमध्ये बरंचसं स्टॅटिस्टिक्स. बारावीला कमिशन, ब्रोकरेज, डिस्काउंट, इन्शुरन्स, ॲन्युइटी, इंडेक्स नंबर, टाइम सिरीज, रिग्रेशन, आणि एका भागात मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. लेखी ८० आणि इंटर्नल २०. ज्या मुलीला बीजगणितात ४० पैकी ३१ पडतात तिला हा विषय झेपतो, हे मी बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, अशी पोरं मी वर्गात बघितलीयेत.

मिस्टरांना एक दाखवा. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर महागाई भत्ता असतो ना, तो वाढतो कसा, तर शिमल्याला लेबर ब्युरो म्हणून केंद्राचं ऑफिस आहे, ते दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक काढतं, सध्या त्याचं आधारवर्ष २०१६ म्हणजे त्या वर्षीच्या किमती १०० धरायच्या आणि आजच्या किमती त्याच्या तुलनेत किती ते बघायचं, केंद्राचा डीए त्यावरून ठरतो आणि मग राज्य पण त्यामागून जाहीर करतं. हा जो इंडेक्स नंबर आहे तो बारावी कॉमर्सच्या मॅथ्समधला अख्खा धडा आहे. घराच्या लोनचा ईएमआय म्हणजे ॲन्युइटीचा धडा. गणपतीला घरात चार जणी आणि चार कामं, मोदक कोणी, नैवेद्याचं पान कोणी, आरास कोणी, बाजार कोणी, प्रत्येकीला प्रत्येक कामाला लागणारा वेळ वेगळा, तर कमीत कमी वेळात सगळं आटपायला कोणाला काय द्यायचं, हा असाइनमेंट प्रॉब्लेम, तो पण बारावीला आहे, हंगेरियन पद्धत म्हणतात त्याला, हॅरोल्ड कून नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ला मांडली आणि दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी होती म्हणून नाव हंगेरियन दिलं. मुलांना हा धडा इतका आवडायचा की तास संपला तरी उठायची नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कुठे लागतं आणि कुठे नाही. यात लोकांचा घोळ असा होतो की दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. एक, ॲडमिशनला बारावीचं मॅथ्स मागतात का. दुसरं, आत गेल्यावर डिग्रीत मॅथ्स आहे का. तुमच्या भाचीचं तेच झालं, बीए सायकॉलॉजीला दारावर कोणी मॅथ्स विचारत नाही पण मुंबई युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला सायकॉलॉजिकल टेस्टिंग आणि स्टॅटिस्टिक्स असा पेपरच असायचा, मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, नॉर्मल कर्व्ह, कोरिलेशन, कारण टेस्ट बनवायची म्हणजे शंभर माणसांचे आकडे घेऊन त्यातून अर्थ काढायचा आणि ते स्टॅटिस्टिक्सशिवाय होत नाही. तिची काही चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नाही.

बीकॉमला पण तसंच. बारावीला एसपी घेतलेली मुलं आरामात बीकॉमला जातात आणि एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स म्हणून पेपर समोर येतो, वर्षानुवर्षं दोन्ही सेमिस्टरला होता, नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून कॉलेजप्रमाणे पेपरांची मांडणी बदलतेय पण शेअर्स, म्युच्युअल फंड, परम्युटेशन, इंटरेस्ट, डेरिव्हेटिव्ह, रिग्रेशन हे कॉमर्सच्या डिग्रीतून कुठे जाणार आहे. एसपीवाल्या मुलांना एफवायला त्यात केटी लागलेली, म्हणजे तो विषय मागे राहिलेली, मी खूप बघितली, हुशार मुलं, अकाउंट्सला नव्वदच्या घरातली. दोन वर्षं हाताला सवय नसते एवढंच कारण.

बीएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या डिग्रीला, बिझनेस स्टॅटिस्टिक्स आणि बिझनेस मॅथ्स दोन्ही असतात. आणि मिस्टरांचा टक्केवारीचा मुद्दा इथे जरा तपासून घ्या, कारण २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएला राज्याची सीईटी आलीये, तिथे बारावीचा एक-दोन टक्क्यांचा फरक पूर्वीसारखा चालत नाही. काही कॉलेजांनी त्याच कोर्सचं नाव बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून ठेवलंय, तिथे बारावीच्या मार्कांवर यादी लागते, साधं बीकॉम आणि बीएएफ म्हणजे अकाउंटिंग-फायनान्सची डिग्री, यांना पण मार्कांवरच. तर टक्क्यांचा मुद्दा अगदी फोल नाही, पण त्यासाठी एसपीच हवं असंही नाही, कॉमर्सच्या मॅथ्समध्ये पायऱ्या बरोबर लिहिल्या तर मार्क कापायला जागाच नसते, थिअरीच्या पेपरात ती सोय नाही.

सीए करायचं कधी मनात आलं तर बारावीला मॅथ्स असलंच पाहिजे अशी अट नाहीये. पण फाउंडेशनला चार पेपरांतला तिसरा पेपर १०० मार्कांचा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आहे, त्यात बिझनेस मॅथ्स ४०, लॉजिकल रिझनिंग २० आणि स्टॅटिस्टिक्स ४०, ऑब्जेक्टिव्ह, आणि चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि सगळे मिळून ५० टक्के लागतात म्हणजे हा पेपर सोडून देता येत नाही. एसपीवाली मुलं मग हेच मॅथ्स क्लासला फी भरून शून्यापासून शिकतात, घाईघाईत.

आणि आता इकॉनॉमिक्स, कारण तुमच्या लेकीने ते नाव घेतलंय आणि इथेच खरी मेख आहे. मुंबईत बीए इकॉनॉमिक्सला बारावीचं मॅथ्स नसलं तरी बऱ्याच कॉलेजांत ॲडमिशन मिळते, त्यामुळे लोकांना वाटतं इकॉनॉमिक्स म्हणजे पाठांतराचा विषय. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, मॅथ्सचा पेपर द्यावाच लागतो, त्याशिवाय अर्जच लागत नाही. आपल्या गोरेगावला फिल्म सिटी रोडवर इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट आहे, आयजीआयडीआर, रिझर्व्ह बँकेने १९८७ला काढलेली, इकॉनॉमिक्सच्या एमएस्सीसाठी देशभरातून मुलं तिथे येतात, आणि तिथे बारावीच्या पातळीचं मॅथ्स झालेलं असणं ही अट आहे. आपल्याच मुंबईत असलेली संस्था आणि अकरावीच्या एका फॉर्मवरच्या टिकमार्कमुळे तिचं दार बंद होऊ शकतं हे आईवडिलांना कोणी सांगत नाही याचा मला राग येतो. आणि अट उगाच घातलेली नाहीये, एक वस्तू जास्त बनवली तर खर्च किती वाढेल हा जो मार्जिनल कॉस्टचा प्रश्न आहे तो म्हणजे डेरिव्हेटिव्हच, आणि व्याजदर वाढवला तर महागाई किती खाली येते हे तपासायचं म्हणजे रिग्रेशन, डिग्रीच्या वरच्या वर्षांना सगळं इकॉनॉमिक्स याच भाषेत बोलतं.

याबाबतीत मला माझीच एक गोष्ट सांगायचीये. मी शिकवत होते त्या कॉलेजात बारावीच्या रिझल्टचं फार प्रेशर असायचं, आणि आम्ही शिक्षक अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात जरा डगमगणाऱ्या मुलांना गोड बोलून एसपीकडे वळवायचो. लालबागची एक मुलगी होती, दहावीला मॅथ्सला साठच्या आसपास, मी तिला म्हटलं होतं की बाळा एसपी घे, निवांत राहशील. ती बीए इकॉनॉमिक्सला गेली, उत्तम मार्क मिळवले, आणि तिसऱ्या वर्षाला माझ्याकडे आली की मॅडम मला गोरेगावला अर्ज करायचाय आणि माझ्याकडे बारावीचं मॅथ्स नाही. मग एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून एक विषय म्हणून मॅथ्सचा फॉर्म भरला, तिथे एखादा विषय सुटा घेता येतो, मी तिला रविवारी घरी बोलवून शिकवलं, इंटिग्रेशनपर्यंत सगळं जमलं तिला, म्हणजे अकरावीलाही जमलंच असतं. पण त्यात एक वर्ष गेलं आणि मधे घरची परिस्थिती बदलली, नोकरी धरावी लागली, तो अर्ज काही भरला गेला नाही. तेव्हापासून मी कोणाला एसपीकडे वळवलं नाही, निदान विचारल्याशिवाय नाही.

डेटाचं म्हणाल तर तिथे मॅथ्सशिवाय गाडी पुढे जात नाही. मुंबई युनिव्हर्सिटीच्या बीएस्सी आयटीला बारावीचं मॅथ्स मागत आलेत, आणि कॉमर्सची मुलं पण मॅथ्स असेल तर त्यात जात आलीयेत, मात्र कोर्सचं नाव सारखं असलं तरी कॉलेजचं प्रॉस्पेक्टस उघडून पात्रतेची ओळ स्वतः वाचायची, कारण काही ठिकाणी सायन्सचंच मॅथ्स धरतात. बीकॉम करून पुढे एमसीए करायचं ठरलं तरी बारावीला किंवा डिग्रीला मॅथ्स झालेलं असलेलं बरं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बीस्टॅटला, म्हणजे स्टॅटिस्टिक्सच्या डिग्रीला, पण बारावीला मॅथ्स लागतं, पण ती प्रवेश परीक्षा फार वरच्या दर्जाची आहे, त्याचा विचार आत्ता नको. आयआयटी मद्रासची जी ऑनलाइन डेटा सायन्सची बीएस डिग्री आहे ती दहावीच्या मॅथ्स-इंग्लिशवर कोणत्याही शाखेच्या बारावीवाल्याला खुली आहे, आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग क्वालिफायर परीक्षा, पण आत गेल्यावर पहिल्याच टप्प्यात मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स आहेच.

सायन्सचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी विचारणार. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, एमएचटी-सीईटीत पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुपच्या २०० मार्कांत एकट्या मॅथ्सचे १००, प्रश्न ५०च पण प्रत्येकाला दोन मार्क. आर्किटेक्चरला पण बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं, चित्रकला चांगली म्हणून मॅथ्स सोडून बसलेली मुलं इथे फसतात. मेडिकलला नाही. फार्मसीला मॅथ्स किंवा बायो कुठलंही चालतं. कॉमर्स घेतल्यावर इंजिनिअरिंगचं दार तसंही बंद होतं, फिजिक्सच नसतं, तेव्हा त्याची चुटपुट मनात ठेवू नका.

आणि जिथे खरंच बारावीचं मॅथ्स लागत नाही अशाही जागा आहेत, आणि चांगल्या आहेत. लॉ, त्याची प्रवेश परीक्षा क्लॅट, तिच्यात क्वांटिटेटिव्हचा म्हणजे आकडेमोडीचा भाग साधारण दहावा हिस्सा आणि तोही दहावीच्या पातळीचा. डिझाइन, त्याची प्रवेश परीक्षा यूसीड कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. भाषा, इतिहास, पत्रकारिता. कंपनी सेक्रेटरी व्हायचंय असं पक्कं असेल तर एसपी उलट उपयोगाचं, शेअर्स, डिबेंचर, सभासदांशी पत्रव्यवहार हे सगळं त्यात येतं आणि तो काही हलका विषय नाही. तुमची मुलगी म्हणाली असती की मला वकीलच व्हायचंय तर मी एका शब्दाने मॅथ्स घे म्हटलं नसतं. पण ती इकॉनॉमिक्स म्हणतेय, डेटा म्हणतेय. सोळाव्या वर्षी हे बदलू शकतं, मान्य, पण आत्ता तिच्या तोंडून जी दोन नावं आलीयेत ती दोन्ही बरोबर मॅथ्स मागणारीच आहेत.

म्हणून माझं मत, मॅथ्स घ्या.

घ्या पण पोरीला एकटं सोडू नका. कॉलेज सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे रोज अर्धा तास दहावीच्या बीजगणितातल्या तीनच गोष्टी परत करायच्या, अवयव पाडणं, दोन चलांची समीकरणं, आणि शेकडेवारी. अकरावीत मुलं अडकतात ती बहुतेक वेळा नवीन धड्यात नाही, नवीन धड्याच्या तिसऱ्या पायरीवर जिथे जुना अवयव पाडायचा असतो तिथे. शाळा मराठी मीडियमची असेल तर शब्दांचा एक वेगळाच त्रास होतो, चल म्हणजे व्हेरिएबल, सहगुणक म्हणजे कोइफिशियंट, ही वही पहिल्या दिवसापासून मागच्या पानावर लिहायला लावा, महिनाभरात भीती निम्मी होते कारण बरीचशी भीती भाषेची असते. क्लास लगेच लावू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आधी वर्गात काय कळतंय ते बघा.

आणि मागचा दरवाजा पण विचारून ठेवा. शनिवारी फॉर्म देताना ऑफिसमध्ये सरळ विचारा की सब्जेक्ट बदलायचा असेल तर शेवटची तारीख काय, अकरावीच्या सुरुवातीला बरीच कॉलेजं मॅथ्सवरून एसपीवर जाऊ देतात. एसपीवरून मॅथ्सवर उशिरा यायचं मात्र फार कठीण, कारण बुडालेले धडे कोणी शिकवत नाही. म्हणून सुरुवात मॅथ्सपासून करायची. पहिल्या युनिट टेस्टनंतर तिच्याशी बसा, मार्कांवर जाऊ नका, पेपर उघडा आणि बघा की कोरी सोडलेली उत्तरं किती आणि अर्धवट चुकलेली किती. चुकलेली असतील तर चालू ठेवा. कोरी असतील आणि ती महिनाभर नीट जेवत-झोपत नसेल तर मुकाट्याने एसपी घ्या, पोरीपेक्षा विषय मोठा नाही, आणि गरज पडलीच तर एनआयओएसचा रस्ता मी वर सांगितलाय, लांबचा आहे पण आहे.

तिच्याशी बोलताना मॅथ्स कच्चं आहे हे वाक्य घरात आता कोणी बोलू नका, मिस्टरांना पण सांगा. ते ३१ आणि १७ तिच्यासमोर कागदावर लिहा आणि तिलाच विचारा की यातलं कुठलं अकरावीला परत येणारे.

अजून एक, तुमच्या भाचीला अकरावी कॉमर्सच्या मॅथ्सचं भाग दोनचं पुस्तक उघडायला सांगा. डिस्पर्शन, स्क्यूनेस, कोरिलेशन, तिला सायकॉलॉजीच्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात जे अडतंय ते बरंचसं त्यात पहिल्यापासून सोप्या उदाहरणांनी दिलंय. दोघी बहिणींना रविवारी दुपारी एका टेबलावर बसवा, एकच पुस्तक, धाकटी पहिल्यांदा शिकेल आणि मोठीचं राहिलेलं भरून निघेल. जमलं तर दिवाळीनंतर मला परत लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.